मतलई वारे आणि टू बीएचके

जानेवारीतली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी हापिसात बसलो होतो (काय करत होतो ते पुढे येईलच) आणि बायकोने एक लिंक पाठवली. सोबत एकच शब्द, "घेऊया?"

मला वाटलं पुन्हा एखादा फ्लॅट. दोन वर्षं आमचं हेच चाललंय. मनीषनगर झालं, बेसा झालं, जामठ्याकडेही दोन चकरा झाल्या. दर रविवारी कुणाच्या तरी सॅम्पल फ्लॅटमध्ये जायचं, बाल्कनीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी बघायची, चहा प्यायचा आणि परत यायचं. लिंक उघडली तर त्यात बाल्कनी नव्हती. ३४ फुटी शिडाची बोट होती. सेकंडहँड. मलेशियात लंगकावीला उभी. आत दोन माणसांना झोपायला जागा, दोन शेगड्यांचा ओटा, एक टॉयलेट. खाली किंमत. मी ती रुपयांत करून पाहिली आणि मग दुसऱ्यांदा करून पाहिली, कारण पहिल्यांदा एखादं शून्य सुटलं असेल असं वाटलं. सुटलं नव्हतं. बेसाच्या टू बीएचकेपेक्षा बरीच कमी होती.

आता हे वाचून तुम्ही हसला असाल तर हसा. नागपूर हे असं गाव आहे की हवाई अंतर मोजलं तरी पाचशे किलोमीटरच्या आत कुठल्याही दिशेला समुद्र नाही. आमच्याकडे पाणी एक तर मे महिन्यात टँकरने येतं, नाहीतर २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेसारखं अंबाझरी भरून वाहतो आणि नाग नदी न विचारता घरात शिरते. भूगोलाच्या पुस्तकात 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' आम्ही सगळ्यांनीच पाठ केले. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे ते मतलई. दोन मार्कांचा हक्काचा प्रश्न. पण त्यातला एकही वारा कधी अंगावर घेतलेला नाही. आमच्याकडे वारा एकच, तो मे महिन्यात दुपारी वाहतो आणि तोंडाला रुमाल बांधायला लावतो.

तर, बायकोचं हे खूळ कुठून आलं ते सांगतो. तूनळीवरून. (हा शब्द आता कुणी वापरत नाही, पण मला आवडतो.) 'ला वॅगाबाँड' नावाचं एक ऑस्ट्रेलियन जोडपं आहे, रायली आणि एलेना. वर्षानुवर्षं बोटीवर राहून या बेटावरून त्या बेटावर फिरतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. २०१९ मध्ये ग्रेटा थुनबर्गला अमेरिकेतून युरोपात यायचं होतं आणि विमानात बसायचं नव्हतं, तेव्हा तिला अटलांटिक पार करून आणणारे हेच. बायको रात्री जेवताना हे बघते. निळं पाणी, पांढरी वाळू, नांगर टाकला, उडी मारली, मासा भाजला. मी शाकाहारी असूनही त्या माशाकडे बघत बसायचो.

लिंक मी मित्राला दाखवली. तो म्हणाला, "बे, आधी अंबाझरीत पॅडल बोट चालवून दाखव." बाबांना सांगितलं तर ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "काऊन रे, घराचे पैसे पाण्यात घालून राहिला का?" यावर काय बोलणार, विनोद त्यांनी केला नव्हता तरी झाला होता. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "तिथे पाणी कुठून आणाल?" मला वाटलं किती भाबडा प्रश्न. तो सगळ्यांत कामाचा निघाला, पण त्याकडे नंतर येतो.

या सगळ्यांच्या बोलण्यात दोन आक्षेप होते. पहिला, ही गोऱ्या आणि श्रीमंत लोकांची थेरं आहेत. दुसरा, नागपूरच्या माणसाने समुद्राच्या नादी लागू नये. दोन्ही मला पटत नाहीत.

श्रीमंतीचं आधी. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने १९६८ मध्ये स्वतःच्या हाताने बांधलेली २४ फुटी बोट पाण्यात सोडली. २४ फूट म्हणजे आपल्या दोन गाड्या एकामागे एक लावल्या तर त्याहूनही कमी. बोटीला इंजिन नव्हतं. ठेवलंच नाही. वाटेत मिळेल ते बोटदुरुस्तीचं काम करत ते पुढची काही दशकं फिरले, जगाला पूर्वेकडूनही वळसा घातला आणि पुढच्या बोटीतून पश्चिमेकडूनही. पैसे साठले की निघू, असा त्यांचा हिशोब नव्हता. आणि आपल्या लोकांचं म्हणाल तर गौरव गौतम आणि वैदेही चिटणवीस हे नौदलातले दोन माजी अधिकारी, नवरा-बायको, २०२२ पासून आपल्या मुलीला घेऊन 'रीवा' नावाच्या ४२ फुटी शिडाच्या बोटीवर राहायला गेले. चिटणवीस हे आडनाव वाचून कुठल्याही नागपूरकराचे कान टवकारतात, माझेही टवकारले. घरातलं सामानसुमान काढून टाकून, मुलीची शाळा बोटीवरच भरवून हे कुटुंब समुद्रावर राहिलं. म्हणजे 'आपल्यात असं कुणी करत नाही' हे वाक्य बाद.

दुसरा आक्षेप तर आणखी पोकळ. भारतीय माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीला फेरी मारावी ही कल्पना ज्यांनी लावून धरली, ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर कुठे राहायचे? फलटणजवळच्या विंचुर्णीत. सातारा जिल्ह्यात, जिथे पिण्याच्या पाण्याचीच मारामार. तिथे बसून त्यांनी सागर परिक्रमेचा ध्यास घेतला. त्यासाठी 'म्हादेई' बांधली गेली ती गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. आणि तिच्यातून १९ ऑगस्ट २००९ ला निघून १९ मे २०१० ला परत आले ते कमांडर दिलीप दोंदे, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. म्हणजे विचार करणारा मराठी, जाणारा मराठी, बांधणारा गोव्यातला मराठी आडनावाचा. आणि आपण म्हणायचं समुद्र आपला नव्हे!

तेव्हा मी बायकोला म्हटलं, बघूया. (घेऊया नाही, बघूया. डेव्हलपर माणूस एवढा सावध असतोच. ती टेस्टर आहे, तिला हा फरक लगेच कळला.)

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक्सेल उघडलं. बोटीची किंमत, नोंदणी, विमा, दुरुस्ती. बोटवाले लोक ढोबळमानाने बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला धरतात, तेही धरलं. दुसऱ्या शीटमध्ये वेग आणि अंतरं. आणि इथे मला पहिला धक्का बसला.

अशी बोट ताशी पाच नॉटने जाते. म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. म्हणजे नागपूरहून वर्ध्याला जायला आठ तास. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने जाणाऱ्या माणसाला हा वेग नीट कळतच नाही. मुंबई ते कोची समुद्रमार्गे सुमारे ५८० सागरी मैल. पाच नॉटने ११६ तास, जवळपास पाच दिवस. आणि बोटीला रात्री रस्त्याच्या कडेला ढाब्यावर लावता येत नाही. ती चालतच राहते. किनाऱ्यापासून लांब नांगर टाकायला तळही हाताशी नसतो. म्हणजे पाच दिवस, पाच रात्री, कुणीतरी एक जण जागा हवा. दोघंच असाल तर गणित सोपं आहे, एक झोपलेला आणि एक जागा.

व्हिडिओत हे दिसत नाही असं नाही. दिसतं, पण चाळीस सेकंद. कारण रात्री तीन वाजता काळोखात जांभया देणाऱ्या माणसाचं चित्रण कोण बघणार? बेटं दिसतात. बेटावरून बेटावर जाणं यातला 'जाणं' हा भाग कापलेला असतो.

माझं मत असं झालंय की बोटीवर राहायच्या स्वप्नात लोक, आम्ही धरून, तीनच गोष्टी मोजतात. पैसे, हवामान आणि धाडस. चौथी गोष्ट कुणी मोजत नाही, ती म्हणजे ड्युटी बदलताना एक माणूस दुसऱ्याला काय सांगतो. आणि मला आता वाटतं की बाकीच्या तीन गोष्टी हिच्यापुढे किरकोळ आहेत.

नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. यांचं उदाहरण घ्या. दोघीच जणी. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ ला गोव्यातच परत आल्या. आठ महिने. २५ हजारांहून जास्त सागरी मैल. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन हे थांबे सोडले तर सगळा वेळ ५६ फुटांच्या बोटीत दोघी, वाटेत केप हॉर्न. (ही तारिणीही दिवाडीलाच बांधलेली. २०१७-१८ मध्ये तिच्यातूनच सहा महिला अधिकारी जगाला फेरी मारून आल्या होत्या. सहा जणींत आणि दोघींत काय फरक पडतो ते सपोर्टमध्ये काम केलेल्या माणसाने सांगायला नको.) त्या दोघींच्या बातम्यांमध्ये वादळं, लाटा, थंडी यावर भरपूर लिहिलं गेलं. मला सारखं वाटत राहिलं, यांच्या ड्युटी बदलतानाच्या त्या दोन मिनिटांत काय बोलणं व्हायचं? आठ महिने, रोज काही वेळा. एकीने अर्धवट झोपेतून उठायचं, दुसरीने सांगायचं: वारा इतका, दिशा ही, उजवीकडे एक जहाज दिसतंय, अमुक दोर घासला जातोय, तळात थोडं पाणी आहे. आणि मग झोपायला जायचं, तेही खरोखर झोपायचं. कारण न झोपलेला माणूस चार तासांनी उपयोगाचा नसतो. म्हणजे समोरचीने सगळं सांगितलं आहे, काहीही राखून ठेवलेलं नाही, यावर डोळे मिटण्याइतका विश्वास हवा. क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत तुमच्या अंगावर येऊ शकतं. तिथे 'मला वाटलं तुला माहीत असेल' याला काही अर्थ नाही.

ऑन-कॉल केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. रात्री दोनला पेजर वाजतो आणि कळतं की आधीच्या माणसाने हँडओव्हरच्या मेलमध्ये 'ऑल गुड' लिहून ठेवलंय, आणि डिस्क ९७ टक्के भरलेली त्याला संध्याकाळीच दिसली होती. का नाही लिहिलं? तर, "म्हटलं सकाळी बघू." फक्त आपल्याकडे एस्कलेशन असतं, मॅनेजर असतो, अगदीच झालं तर अमेरिकेतला कुणी जागा असतो. बोटीवर एस्कलेशन मॅट्रिक्समध्ये दोनच नावं. दुसरं नाव झोपलेलं.

हे मला एक्सेलमधून कळलं असं सांगितलं तर खोटं होईल. हे फेब्रुवारीत मुंबईत कळलं.

भाच्याच्या मुंजीला दादरला गेलो होतो. बायको म्हणाली आलोच आहोत तर. गेटवेसमोर छोट्या शिडाच्या बोटी तासावर मिळतात, सोबत चालवणारा असतो. दुपारी तीनची वेळ, छान वारा. खारा वारा! दोन मार्कांचा! मी अक्षरशः दात काढून हसत होतो. चालवणारे काका पन्नाशीचे, बोलणं कमी. बायकोची आवड बघून त्यांनी तिच्या हातात सुकाण्याचा दांडा दिला आणि माझ्या हातात पुढच्या शिडाचा दोर. म्हणाले, "मॅडम समोर बघतील, साहेब तुम्ही शिडाखालून बघा, तिकडचं त्यांना दिसत नाही."

शीड फुगलेलं असलं की त्याच्यामागची एक पूर्ण बाजू सुकाणूवाल्याला दिसत नाही. हे मला नवीन होतं. पुस्तकी बोटीत असं काही नसतं.

पंधरा मिनिटं स्वर्ग. मग शिडाखालून मला घारापुरीहून येणारी एक लाँच दिसली. लांब होती. मी बघितली, आणि... काही बोललो नाही. का? मी त्यावर खूप विचार केलाय. एक म्हणजे मला वाटलं तिलाही दिसली असेल. दुसरं, वाटलं लाँचवाला वळेल. तिसरं, आणि हे खरं कारण, ती इतकी खूश दिसत होती की मला तिचा मूड मोडायचा नव्हता. मी दोर धरून बसलो आणि लाँच मोठी होत गेली. काकांनी मान वळवली, एका झटक्यात तिच्या हातावर हात ठेवून दांडा ढकलला, बोट गर्रकन फिरली, शिडाच्या तळाचा आडवा दांडा माझ्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेला. लाँच तशी बऱ्यापैकी लांबून गेली. धोका झाला असता असं मी म्हणणार नाही. पण १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून माणसं गेली होती, आणि काकांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

काका ओरडले नाहीत. म्हणाले, "साहेब, दिसली होती ना? दिसलं तर बोलायचं."

बस्स. पुढचा अर्धा तास कुणी फारसं बोललं नाही.

रात्री दुरंतोत, इगतपुरी गेल्यावर, बायकोने विचारलं, "तुला खरंच दिसली होती?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

आणि का कोण जाणे, मी तिला लाँचबद्दल काही न सांगता भलतंच सांगितलं. की नोव्हेंबरच्या शेवटी माझं प्रोजेक्ट संपलं. की त्यानंतर नऊ आठवडे मी बेंचवर आहे. रोज सकाळी डबा घेऊन हापिसात जातो, क्युबिकलमध्ये बसतो, इंटर्नल पोर्टलवरची ट्रेनिंगं करतो, आणि संध्याकाळी घरी येऊन 'आज खूप कॉल होते' म्हणतो. की दोन इंटरव्ह्यू दिले आणि दोन्हीकडून नाही आलं. की ती फ्लॅटच्या हप्त्यांचा हिशोब करते तेव्हा मी मान डोलावतो.

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. बाहेर अंधार, काही दिसण्यासारखं नव्हतं. मग म्हणाली, "आणि आपण बोट घ्यायला निघालोय."

तिने नोकरीबद्दल काही म्हटलं नाही. बेंच ही काही जगबुडी नाही, आमच्या क्षेत्रात कुणाच्याही वाट्याला येते. (मार्चमध्ये मला नवीन प्रोजेक्ट मिळालं, ते सोडा.) तिला लागलं ते वेगळं होतं. नऊ आठवडे ती शांत झोपत होती, आणि तळात पाणी साचत होतं, आणि ज्याची ड्युटी होती तो 'ऑल गुड' म्हणत होता.

म्हणून 'आधी नोकरी सोडा, मनाची हाक ऐका, निघा' असं सांगणाऱ्या लोकांचा मला आता राग येतो. त्यांचं म्हणणं असं की घरातली घुसमट बोटीवर संपते. मला उलट वाटतं. घर मोठं असतं म्हणून घरात लपवता येतं. हॉलमध्ये एक, बेडरूममध्ये एक, दिवसाचे दहा तास हापिसात. ३४ फुटांत जे लपवाल ते चार तासांनी दुसऱ्याच्या पायाला ओलं लागतं. जी जोडपी अशी राहिली, पार्डी म्हणा, चिटणवीस-गौतम म्हणा, ती काय बोलत असतील ते मला माहीत नाही, पण ती न बोलता राहिली असतील हे शक्य वाटत नाही. त्याच वेळी 'आधी सेटल व्हा, साठीला बघू' हेही मला पटत नाही. तीस वर्षं 'ऑल गुड' म्हणायची सवय झाल्यावर साठीला नवीन काय बोलणार?

आता थोडी तक्रार. हे सगळं करायला लंगकावीला का जायचं? महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बेटांची काय कमी आहे? नकाशा उघडून बघा. घारापुरी, खांदेरी, उंदेरी, अलिबागचा कुलाबा, मुरूडचा जंजिरा आणि त्याच्यासमोर पद्मदुर्ग, हर्णैचा सुवर्णदुर्ग, मालवणचा सिंधुदुर्ग. पुढे वेंगुर्ल्याचे दीपगृहाचे खडक. जणू कुणी दिवसभराच्या मजला मोजून ठेवल्यासारखे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघांच्या पोटात गोळा आला, आणि सिद्दीने लगेच शेजारची उंदेरी धरली. एवढा एकेक खडक मोलाचा होता. पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायचं, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर आत यायचं, अशी शेकडो वर्षं गलबतं आणि मचवे या किनाऱ्याने चालले. पावसाळ्यात नांगरायचे, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा काढायचे.

आणि आज या किनाऱ्यावर एखाद्या जोडप्याने स्वतःची शिडाची बोट घेऊन बेटाबेटाने जायचं म्हटलं तर रात्री ती सुरक्षित बांधून ठेवायला, पाणी आणि वीज घ्यायला नीट धक्का शोधावा लागतो. मरीना म्हणावी अशी सोय म्हटलं की कोचीचं नाव निघतं. मासेमारीची बंदरं आहेत, पण तिथे मासेमाऱ्यांच्याच बोटी एकमेकींना चिकटून उभ्या, त्यांच्या पोटाच्या जागेत आपण हौसेची बोट घुसवायची हे मला तरी बरं वाटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ नंतर समुद्रातून येणाऱ्या प्रत्येक अनोळखी बोटीकडे संशयाने बघितलं जातं, आणि ते चुकीचं आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. अतिरेकी एका मच्छीमार बोटीतूनच आले होते. लक्षद्वीपला जायला तर आपल्याच नागरिकांनाही परवाना लागतो, तिथल्या लोकांचा आणि प्रवाळाचा विचार केला तर तेही समजण्यासारखं आहे. सगळ्या कारणांना कारण आहे. तरी पण ज्या राज्याच्या प्रत्येक पोराला 'मराठ्यांचं आरमार' हा धडा येतो, तिथे शिडाच्या बोटीत बसायला मुंजीच्या निमित्ताने तासावर भाडं भरावं लागतं, हे मला खुपतं. असो.

सासूबाईंच्या पाण्याच्या प्रश्नाकडे येतो. एप्रिलमध्ये आम्ही एक प्रयोग केला. कल्पना अर्थातच टेस्टरची. म्हणाली, बोट विकत घेण्याआधी ती घरातच टेस्ट करू. हॉलला कुलूप. फक्त बेडरूम, ओटा आणि बाथरूम. अशा बोटीची पाण्याची टाकी समजा ४०० लिटरची. दोघांना दिवसाला २० लिटर धरले तर वीस दिवस. आंघोळ, स्वयंपाक, भांडी, पिणं सगळं धरून माणशी दहा. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी १३५ लिटरचा आहे, म्हणजे आम्ही त्याच्या तेराव्या हिश्शात जगणार होतो.

एक दिवस टिकलो. नागपुरात एप्रिल! एकटा कूलर आमच्या दोघांच्या रेशनपेक्षा जास्त पाणी पितो. मग कूलर हिशोबातून वगळला (समुद्रावर वारा असतो अशी पळवाट काढली). चार दिवसांनी सासूबाई आल्या, हॉलला कुलूप बघून त्यांना आधी वाटलं भांडण झालं. मग मगने भांडी विसळताना आम्हाला बघून त्या हसल्या आणि पदर खोचून दाखवायला लागल्या. एका तांब्यात किती भांडी होतात, विसळलेलं पाणी कशात धरायचं, त्याने काय काय होतं. लहानपणी त्यांच्या गावात उन्हाळ्यात विहीर आटली की हेच. माणशी दहा लिटर त्यांना चैन वाटत होती. आम्ही तूनळीवर जे शिकत होतो ते अमरावती जिल्ह्यातल्या एका बाईला पाठ होतं, आणि तिला त्याचं स्वप्न वगैरे काही पडलेलं नव्हतं.

प्रयोग वीस दिवस चालला. हॉल आता उघडलाय. एक गोष्ट मात्र तशीच ठेवली आहे. रोज रात्री दहा वाजता ड्युटी बदलते, म्हणजे तसं मानायचं. दोन मिनिटं प्रत्येकी. काय दिसलं ते सांगायचं. लहान असो, मोठं असो, समोरच्याचा मूड जाणारा असो. उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, फक्त वहीत नोंद करायची, कारण बोटीवर ड्युटी घेणारा माणूस ऐकून घेतो आणि सुकाणू धरतो. पहिले काही दिवस आम्ही गॅस संपत आलाय आणि दुधाचं बिल यापुढे गेलो नाही. मग हळूहळू बाकीचं यायला लागलं. तिच्या मॅनेजरने पुण्याला बदलीचं विचारलंय हे मला तसंच कळलं. बाबांच्या गुडघ्याचं मी तिला तसंच सांगितलं.

लंगकावीची बोट विकली गेली. दुसऱ्या दोन नजरेत आहेत. बेसाच्या फ्लॅटचं टोकनही अजून दिलेलं नाही, बिल्डरच्या माणसाचा सोमवारी फोन येणार आहे.

काल रात्री माझं सांगून झालं. नवीन प्रोजेक्ट ठीक, मॅनेजर ठीक, पण बोटीच्या एक्सेलमध्ये विम्याचा आकडा मी अंदाजे टाकलाय आणि तो कमी असण्याची शक्यता आहे. मग तिची पाळी. ती म्हणाली, फ्रिज आवाज करतोय. आईचा फोन आला होता, ती बरी आहे. पुण्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मग थोडं थांबली आणि म्हणाली, "आणि मला बोटीवर राहायचंच आहे का, हे मला आता नक्की सांगता येत नाहीये."

मी वही उघडली आणि लिहिलं. वेळ २२:०९.